अण्णांचं इंग्रजीतलं गाऱ्हाणं

आमच्या मजल्यावरचे अण्णा इंग्रजीतला नवा शब्द शिकले की तो आधी देवाला सांगत. सकाळी आंघोळ झाली की पंचा नेसून, हातात उदबत्ती धरून ते देव्हाऱ्यासमोर उभे राहत, नेहमीची पूजा आटोपत आणि मग खणखणीत आवाजात म्हणत, "डिस्कंटिन्यू." थोडं थांबून पुन्हा, "डिस्कंटिन्यू." मग घंटी वाजे. नवा सदरा शिवला, शेतातला नवा भात घरात आला की पहिल्यांदा देवापुढे ठेवायचा, ही त्यांच्या गावची रीत. शब्दही नवाच आहे, मग त्याला वेगळा न्याय कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये एक पातळ भिंत होती. माझ्या दहावीच्या वर्षी मला गजराच्या घड्याळाची गरज पडली नाही.

काकी, म्हणजे अण्णांची बायको, चुलीकडून ओरडायची, "देवाक तरी कळता काय ता इंग्लिश?"

"देवाक सगळा कळता," अण्णा शांतपणे म्हणत. "तुकाच काय कळणा नाय."

आमची इमारत मरोळ नाक्यावरून आत वळलं की होती. दुमजली, पुढे सलग गॅलरी, खाली मोरीचा सामाईक नळ. अण्णा मूळचे मालवणकडचे. वीस-बावीस वर्षं परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं होतं. संप झाला, लांबला, आणि संपल्याचं कोणी कधी सांगितलंच नाही. त्या काळातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. गिरणीच्या फाटकावर एकदा नोटीस लागली, ती इंग्रजीत. पन्नासेक माणसं तिच्यासमोर उभी राहिली आणि प्रत्येकानं आपापल्या मनात होतं ते वाचलं. कोणी म्हणालं, सोमवारपासून कामावर बोलावलंय. अण्णा सोमवारी डबा घेऊन गेले. फाटक बंद होतं. "नोटीस इंग्रजीत होती म्हणून नोकरी नाही गेली, बाय," ते मला म्हणत, "पण इंग्रजीत होती म्हणून मी डबा घेऊन गेलो." त्या डब्याचं त्यांना फार लागलं होतं. पुढे गाववाल्याच्या ओळखीनं मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात ते स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि तिथे त्यांचं शिक्षण सुरू झालं.

शिक्षण म्हणजे औषधाच्या खोक्यात बाटलीबरोबर घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद. लोक तो न वाचता टाकून देतात. अण्णांनी फाटलेले, चुरगळलेले असे कागद स्टोअरमधून परवानगी काढून घरी आणले आणि शब्द शब्द करून वाचले. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीला एक औषधी वास होता. दुधवाल्या भैयाला ते सांगत, "कलसे पाव लिटर डिस्कंटिन्यू." माझ्या वडिलांना म्हणत, "भाऊ, तुमचा खोकला पर्सिस्ट करतोय, ॲडव्हर्स होण्याआधी दाखवा." गॅलरीत पोरांनी क्रिकेट मांडलं की दारातून सूचना यायची, "प्रोलाँग्ड खेळ नको." पोरं हसत. माझे वडीलही हसत आणि विचारत, "काय अण्णा, आज देवाला कुठलं औषध पाजलंत?" अण्णांना हसण्याचं काही वाटत नसे. हसणाऱ्याला शब्द ऐकू तर गेला, हे त्यांना पुरेसं होतं.

मी इंग्रजी शाळेत जायची, म्हणून उच्चार तपासायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मला येत होतं. बोलणं येत नव्हतं, कुठल्याच भाषेत. शाळेत बाईंनी उभं केलं की मला घाम फुटायचा आणि इमारतीत मी कोणाशी बोलत नाही म्हणून मला शिष्ट समजत. अण्णांनी मला कधी "बोल गं" म्हटलं नाही. ते गॅलरीत स्टुलावर बसत, शब्द म्हणत आणि माझ्याकडे बघत. बरोबर असेल तर मी मान हलवायची, चूक असेल तर हळू आवाजात म्हणून दाखवायची. एकदा ते म्हणाले, "बाय, तुझं मोठं दुकान आहे, पण शटर पाडलेलं. माझी नुसती हातगाडी. पण मी ओरडतो." मला वाईट वाटलं नाही. माझ्याबद्दल इतकं नेमकं तोवर कोणी बोललं नव्हतं.

शब्दांची त्यांची एक व्यवस्था होती. गावच्या घरासारखी. काही शब्द अंगणातले, काही ओटीवरचे आणि काही माजघरातले. "हेल्प हा अंगणातला," ते म्हणत. "कोणीही येतो, वापरतो, जातो. असिस्ट ओटीवरचा. आणि फॅसिलिटेट? तो माजघरात. तांब्याच्या भांड्यासारखा. मोठा पाहुणा आला तरच बाहेर काढायचा." मी एकदा धीर करून म्हटलं की आमच्या इंग्रजीच्या बाई सांगतात, साधा शब्द असताना अवघड वापरू नका. अण्णांनी ते मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या बाईंच्या घरी सगळी भांडी तांब्याची असतील. त्यांना चालतं."

पण अण्णांचं खरं बोलणं ऐकायचं असेल तर गणपतीत ऐकावं. इमारतीच्या गणपतीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. देवासमोर सगळे हात जोडून उभे राहतात आणि एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा." अण्णा डोळे मिटत, क्षणभर थांबत, आणि मग सुरू करत: "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत. जाणतां-नेणतां काय चूकभाक घडली आसात, ती पोटात घाल..." सुरुवात नेहमी अशीच, माफी मागून. चूक घडली असो वा नसो. मोठ्यापुढे तोंड उघडायचं तर आधी वाकायचं, मग मागायचं. त्यानंतर ते एकेका घराचं नाव घेऊन मागत. कोणाच्या पोराला नोकरी, कोणाच्या सुनेला मूल, आमच्या वडिलांचा खोकला. एका वर्षी नळाच्या पाण्यावरून भांडून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. अण्णांनी त्या दोन घरांसाठी एकच वाक्य केलं, "एकाच नळाचा पाणी पितत ती, म्हाराजा, त्यांच्या तोंडाक एकच चव ऱ्हवांदे." दोन्हीकडची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि आरतीनंतर एकमेकांना प्रसाद देऊ लागली. मी कोपऱ्यात उभी राहून बघायची. माणसाच्या बोलण्यात एवढं बळ असतं, हे मला कुठल्या इंग्रजी पुस्तकानं शिकवलं नाही.

अण्णांची मुलगी सुषमाताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. बारावी नापास झाल्यावर अण्णांनीच तिला कारखान्यात पॅकिंगला लावली. हसरी, उंच, फटकळ. मला ती "मुकी मैना" म्हणायची आणि येताना माझ्यासाठी काहीतरी आणायची. पॅकिंगमध्ये ज्या टॉनिकच्या बाटल्यांवर लेबल तिरकं लागे त्या रिजेक्ट होत. सुपरवायझर त्या पोरींना वाटून टाकी, "घरी न्या, फेकायच्याच आहेत." आमच्याही कपाटात तिरक्या लेबलाची एक बाटली होती. आई मला त्यातलं चमचाभर रोज द्यायची.

एका संध्याकाळी सुटताना गेटवर झडती झाली. झडती रोजचीच, पण त्या दिवशी सिक्युरिटीचा नवा साहेब जातीनं उभा होता. सुषमाताईच्या पिशवीत दोन बाटल्या निघाल्या. तिनं सांगितलं, सुपरवायझरनं दिल्यात. सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणाला, "मी कधीच कुणाला काही दिलेलं नाही." तिच्या मागे उभ्या असलेल्या पोरी आपापल्या चपलांकडे बघत राहिल्या. सुषमाताईला तिथल्या तिथे घरी बसवलं आणि आठवडाभरात चार्जशीट आली: चोरी.

त्या महिन्यात तिचं लग्न कांदिवलीच्या एका मुलाशी ठरत आलं होतं. त्यांचा निरोप आला, चौकशी होऊ दे, मग बघू. काकीनं तो निरोप ऐकला आणि भाकरी तव्यावर तशीच राहिली. नोकरी तर होतीच, पण आता चौकशीत पोरीचं नाव सुटतं की नाही, यावर सगळं येऊन ठेपलं.

युनियनचा माणूस घरी आला. चांगला होता बिचारा. गॅलरीत उभा राहूनच बोलला, त्यामुळे मी ऐकलं. "अण्णा, माझं ऐका. माफीचे दोन शब्द लिहून द्या. पहिलीच वेळ आहे, ताकीद देऊन सोडतील."

"माफी कशाची?" अण्णांनी विचारलं.

"कशाची म्हणजे... पद्धत असते."

"केली नाही त्याची माफी?" अण्णांचा आवाज चढला नाही, पण मी भिंतीला टेकून उभी होते ती सरळ झाले. "मेलो तरी मागणार नाही. आणि माझी पोर पण मागणार नाही."

"मग चौकशीला तिच्या बाजूनं कोण बोलणार? आमच्यातलं कोणी उभं राहायला तयार नाही."

"तिच्याबरोबर काम करणारा कोणीही बोलू शकतो ना?"

"हो."

"मी तिच्याबरोबर काम करतो," अण्णा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी अण्णांसमोर बसून होते. चौकशी करणारे साहेब म्हणजे कंपनीनं बाहेरून आणलेले वकील, त्यामुळे अण्णांनी ठरवून टाकलं होतं की बोलायचं ते इंग्रजीत. माजघरातले शब्द एकेक करून बाहेर यायला लागले. 'डिफेक्टिव्ह', 'कस्टमरी', 'प्रिव्हेलंट प्रॅक्टिस'. रिजेक्ट बाटल्या वाटायची जुनी पद्धत कशी होती, सुपरवायझर स्वतः कसा द्यायचा, हे सगळं त्यांनी बांधत आणलं. मी उच्चार सुधारत होते. चांगलं झालं होतं. पण त्यांचा आवाज मात्र तो नव्हता, गणपतीतला. प्रत्येक शब्दाआधी ते पाऊल चाचपत होते, ओल्या मोरीत चालल्यासारखे.

एका दुपारी मी म्हटलं, "अण्णा, मराठीत बोललात तर?"

मी आपणहून काही बोलले याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं. मग म्हणाले, "मराठी आपल्या घरची, बाय. घरच्या माणसाची साक्ष कोण धरतं?"

सुषमाताई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मग मालवणीत बोला. साहेब तरी हसेल." कोणी हसलं नाही. तीही नाही.

मी त्यांना विचारलं, सुरुवात काय करणार आहात? ती तुम्ही अजून म्हणून दाखवली नाहीत. अण्णांनी हातानं थांबवलं. "सुरुवात ठरवायची नसते. तिथं उभं राहिलं की येते."

चौकशीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. सुषमाताईनं मला नंतर सांगितलं, आणि ती पदरचं घालून सांगणारी नव्हती. ऑफिसातली लहान खोली. टेबलामागे वकीलसाहेब, बाजूला पर्सोनेलचे एक साहेब, कोपऱ्यात टाईपरायटरवर एक मुलगा. साहेब चांगले बोलले. म्हणाले, तुम्ही मराठीतून बोला, आम्ही इंग्रजीत उतरवून घेऊ. अण्णा म्हणाले, "आय शॅल स्पीक इन इंग्लिश, सर." साहेबांनी मान डोलावली. अण्णा उभे राहिले. आणि मग त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले, डोळे मिटले.

"मला तेव्हाच कळलं आता काय येणार," सुषमाताई म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय ना. माझेपण हात जोडले गेले."

अण्णा म्हणाले, "ऑनरेबल सर, व्हॉटएव्हर ट्रान्सग्रेशन धिस चाइल्ड हॅज कमिटेड, नोइंगली ऑर अननोइंगली, काइंडली कन्डोन."

गणपतीतलंच वाक्य: जाणता-नेणता जी चूक घडली असेल ती पोटात घाला. टाईपरायटर वाजला. वकीलसाहेबांनी मान वर करून विचारलं, हे तुम्ही तिच्या वतीनं बोलताय का? अण्णांना तो प्रश्न मानाचा वाटला. ते म्हणाले, "येस सर. ऑन हर बिहाफ."

मग ते मुद्द्यावर आले. तिरक्या लेबलांच्या बाटल्या, सुपरवायझर, जुनी पद्धत, सगळं बोलले, एकही शब्द न चुकता. "इतके छान बोलले गं," सुषमाताई म्हणाली, "की टाईपवाला टाईप करायचा थांबला. साहेबांनीपण पेन खाली ठेवलं. नुसते ऐकत होते." तिला त्या वेळी वाटलं होतं की ते भारावले. त्यांचं लिहून झालं होतं, म्हणून ते थांबले होते. शेवटी कागद पुढे आले, आणि अण्णांनी प्रत्येक कागदावर इंग्रजीत सही केली.

त्या संध्याकाळी अण्णा जिलबी घेऊन आले. मला गॅलरीत बोलावून एक तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाले, "बाय, आज माजघर रिकामं केलं." मी त्यांना इतकं आनंदात नंतर कधी पाहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी सुषमाताईला ऑफिसात बोलावलं. ती दुपारी परत आली. उन्हाची वेळ, गॅलरीत काकी पापड वाळत घालत होती, मी उंबऱ्यावर वाचत बसले होते. अण्णांची त्या आठवड्यात सकाळपाळी होती, ते नुकतेच जेवून स्टुलावर बसले होते. सुषमाताई जिना चढून आली आणि चपला न काढता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काढून टाकलं," ती म्हणाली. "मी विचारलं, सुपरवायझरला कोणी काही विचारलं का? तर पर्सोनेलचा साहेब म्हणतो, उसकी जरूरत ही नहीं पडी. तुम्हारे फादर ने खुद मान लिया, माफी माँग ली."

"कोणी माफी मागितली?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही. सुरुवातीलाच."

"ती माफी नव्हे गो." त्यांना अजून काही गंभीर झालंय असं वाटत नव्हतं, समजावणीच्या सुरात बोलत होते. "ती गाऱ्हाण्याची रीत. तुका म्हायत नाय? देवासमोर उभं राहिलं की..."

"तो देव होता?"

काकीचा हात पापडावर तसाच राहिला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुषमाताईकडे, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी ते इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"बाय, तू सांग. खरं सांग. मी म्हणालो तसं इंग्लिशमध्ये म्हटलं, तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मान हलवून भागलं असतं. पण इतकी वर्षं मान हलली की शब्द बरोबर, असा आमचा हिशेब होता, आणि तो मला त्या वेळी नको होता. मी म्हटलं, "होय अण्णा. होतं."

"सगळ्यांना तसंच वाटेल?"

"ज्याला आपली रीत माहीत नाही, त्याला."

ते उठले आणि आत गेले. सुषमाताई तिथेच उभी राहिली, मग काकीला म्हणाली, "युनियनवाल्याला चहा पाजून हाकललात. तो निदान ताकीद देऊन सोडवत होता. ह्यांनी माफीपण मागितली आणि नोकरीपण घालवली." ती माफी काय होती हे तिला कळत होतं, आमच्यातल्या कोणापेक्षाही जास्त. म्हणूनच ती जास्त चिडली होती, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः पर्सोनेलच्या साहेबांना भेटले. आमच्याकडे बोलायची सुरुवात अशीच करतात, त्याचा अर्थ कबुली असा नाही, हे त्यांनी सांगितलं, हिंदीत, मराठीत, जमेल तसं. साहेब हसले म्हणे. वाईट हसले नाहीत. "अण्णा, रेकॉर्ड हो गया," एवढंच म्हणाले. कोणीतरी सुचवलं, कामगार कोर्टात जा. सुषमाताईनं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाली, "आता माझ्या बाजूनं आणखी कोणी बोलायला नको." कांदिवलीहून पुन्हा निरोप आला नाही, आणि आला नाही हाच निरोप होता. काही महिन्यांनी ती घाटकोपरला एका शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागली. झडती तिथेही होती. ती पिशवीच नेत नसे. डबा हातात धरून जायची.

अण्णा त्याच गेटमधून कामाला जात राहिले. घर चालवायचं होतं. सकाळी भिंतीपलीकडून पूजेची घंटी ऐकू यायची, तिच्याआधी काही नसायचं. पोरांनी गॅलरीत क्रिकेट मांडलं तरी कोणी काही बोलत नसे, आणि पोरांनाच खेळताना चुकल्यासारखं व्हायचं. माझ्या वडिलांनी एकदा सवयीनं विचारलं, "काय अण्णा, आज औषध नाही?" आणि विचारल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. मला वाटलं होतं, इंग्रजी गेलं तरी त्यांचं स्वतःचं बोलणं राहील. पण त्या वर्षी गणपतीत त्यांना पुढे बोलावलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "ह्या वर्षी दुसरो कोणतरी घाला." तळमजल्यावरच्या एकानं कागदावर लिहून आणलं होतं ते वाचून दाखवलं. आम्ही जिथे जिथे म्हणायचं तिथे "व्हय म्हाराजा" म्हटलं. अण्णा माझ्या शेजारी कोपऱ्यात उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी पुढे कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊनच. मोठमोठे शब्द समोर येतात, आणि त्यातले कितीतरी मला आधीच भेटलेले असतात, गॅलरीत, उदबत्तीच्या वासात. मी आता थोडंफार बोलते. लिहिताना सगळे शब्द वापरते, एक सोडून. 'कन्डोन' मी अजून कुठल्याही पेपरात लिहिलेला नाही. त्याच्या जागी लांबलचक वाक्य करते, मार्क गेले तरी.

अण्णांनी दोन वर्षांनी नोकरी सोडली. गावचं घर भावाच्या ताब्यात होतं, भाऊ वारला, तेव्हा घर आणि कलमं बघायला कोणीतरी हवं होतं. काकी सुषमाताईसाठी मुंबईतच राहणार होती. बोरिवलीच्या एसटी स्टँडवर त्यांना सोडायला काकी, सुषमाताई आणि मी गेलो. सकाळची गाडी होती. एक ट्रंक, एक वळकटी, दोन पिशव्या. नोकरी गेली त्या दुपारपासून सुषमाताई वडिलांशी थेट बोलत नव्हती. भांडणही नव्हतं, जे काही असेल ते काकीमार्फत. "आई, त्यांना सांग, पाण्याची बाटली वरच्या पिशवीत आहे." अण्णाही काकीलाच सांगत, "कळला म्हणून सांग."

गाडी लागायला वेळ होता. अण्णा ट्रंकेवर बसले होते. मला म्हणाले, "बाय, एक विचारू? पुष्कळ दिवस विचारीन म्हणत होतो."

"विचारा ना."

"मी तिथं काय बोलायला हवं होतं? इंग्लिशमध्ये. अख्खं सांग."

आजूबाजूला माणसं होती, हमाल होते, कोणी कोणाला हाका मारत होतं. मला अशा ठिकाणी आवाज फुटत नाही. पण त्यांनी मला पहिल्यांदाच अख्खं वाक्य म्हणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "माय डॉटर डिड नॉट स्टील."

ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही, अण्णा. एवढंच."

"साहेबाला नमस्कार? सुरुवात?"

"लागत नाही."

अण्णांनी ते वाक्य मनातल्या मनात फिरवून पाहिलं. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. "ह्यातला एकही शब्द मी देवाला सांगितलेला नाही," ते म्हणाले. "हे सगळे मला गिरणीत होतो तेव्हापासून येतात."

गाडी फलाटाला लागली, लोक धावले. अण्णा उठले नाहीत. त्यांनी मान वळवून सुषमाताईकडे पाहिलं. ती चार पावलांवर वळकटी उचलायला वाकली होती. ते तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, सावकाश, साध्या सुरात म्हणाले, "माय डॉटर डिड नॉट स्टील."

सुषमाताई वाकली होती तशीच क्षणभर राहिली. मग वळकटी खांद्यावर घेऊन गर्दीत घुसली, गाडीत चढली. खिडकीतून तिचा हात दिसला, सीटवर रुमाल टाकताना. ती खाली उतरून परत आली, काकीला ओलांडून पुढे आली, आणि ट्रंकेची एक कडी धरून अण्णांना म्हणाली, "खिडकीची जागा धरलीय. तिकडची कडी तुम्ही धरा."